विहित मुदतीत चित्र न आल्यास

माणूस घर सोडून निसर्गाच्या सान्निध्यात जातो, तो मुख्यतः घरातल्या कोणकोणत्या वस्तू तिथे चालतात हे तपासायला. पूर्वी माणसं तंबू आणि कंदील घेऊन जायची. थंडीने काकडत, डास मारत, एकमेकांशी बोलत बोलत मुक्काम काढायची. पुढे विज्ञानाने प्रगती केली आणि यातल्या शेवटच्या त्रासावरही उपाय निघाला.

त्या उपायाचं नाव घरगाडी. घरगाडी म्हणजे जिच्यात झोपायची, शिजवायची, आंघोळीची आणि भांडायची सोय असते अशी गाडी. (भांडायला वेगळी जागा नसते, ती बाकीच्या तिन्ही जागांत मिळून धरलेली असते.) आता गाडीत टीव्ही तर हवाच, आणि टीव्ही म्हटलं की छत्री आली. घराच्या गच्चीवर असते तीच, फक्त जरा लहान, तीन पायांवर उभी राहणारी, पिशवीत मावणारी. माहितीपत्रकानुसार ती उभारायला सात मिनिटं लागतात. माहितीपत्रक ज्याने लिहिलं त्याचं लग्न झालेलं नसावं.

आता अधीक्षकांची ओळख. आवक-जावक विभागातून ते निवृत्त झाले त्याला दीड वर्ष झालं होतं, पण घरी, दारी आणि पाठीमागेही सगळे त्यांना अजून अधीक्षकच म्हणत. एकतीस वर्षं त्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता. जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी तो उमटायचा: "विहित मुदतीत उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." अधीक्षकांच्या मते मानवजातीने रचलेलं याहून सुंदर वाक्य दुसरं नाही. समोरचा माणूस गप्प बसला तरी काम पुढे जातं! निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शिक्का परत केला. तत्त्व मात्र घरी आणलं. खरं तर ते आधीपासूनच घरी होतं.

कार्यालयात ही विहित मुदत पंधरा दिवसांची होती. घरी ती साधारण दीड सेकंद.

अडचण अशी, की अधीक्षकांची बायको ग्रंथपाल होती. प्रश्न नीट ऐकायचा, त्याचं उत्तर कुठल्या कपाटात आहे ते आठवायचं, आणि मगच काढून हातात द्यायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. याला सरासरी साडेतीन सेकंद लागत. अधीक्षक प्रश्न विचारून दीड सेकंद थांबत आणि कामाला लागत. म्हणजे दोन सेकंदांचा फरक. पण दोन सेकंद गुणिले एकतीस वर्षं केलं, की हॉलला पिवळा रंग, मुलीला कॉमर्स आणि स्वयंपाकघरातला फ्रिज दाराच्या मागे, असा हिशेब निघतो. या तिन्ही बाबतींत बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ते तिने सांगितलंही होतं. तोवर अधीक्षक रंगाच्या दुकानात पोचलेले असत.

आणि तरी संसार झाला. चांगला झाला. एकमेकांचं ऐकल्यामुळे किती संसार मोडले याची आकडेवारी उपलब्ध नाही.

तर या बायकोने दोन महिन्यांपूर्वी, कुणाला सांगून-सवरून नाही, टीव्हीवरच्या ज्येष्ठांच्या प्रश्नमंजूषेत नाव दिलं आणि तिची निवड झाली. ही बातमी तिने अधीक्षकांना ताबडतोब सांगितली. अधीक्षक त्या वेळी आपल्या नव्या घरगाडीसाठी मागवलेल्या छत्रीचं माहितीपत्रक वाचत होते.

"अहो, गुरुवारी शूटिंग आहे. घरच्या एका माणसाला पुढच्या रांगेत बसवतात. याल का?"

"हो हो," अधीक्षक म्हणाले. (पान अकरा, 'तिपाई कशी उघडावी'.)

गुरुवारी छत्रीचं खोकं घरी येणार होतं आणि सही करून घ्यायला कुणीतरी घरी असणं गरजेचं होतं. तेव्हा अधीक्षक घरी थांबले. बायको दाराशी चपला घालून मिनिटभर उभी राहिली, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि गेली. संध्याकाळी परत आली ती गालातल्या गालात हसत. अधीक्षकांनी विचारलं, "काय झालं? जिंकलीस का?" आणि या एका प्रश्नाला मात्र ते साडेतीन सेकंद थांबले.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "कार्यक्रम दाखवेपर्यंत कुणालाही सांगणार नाही, अशी कागदावर सही घेतलीय."

"अगं, मी कुणालाही आहे का?"

"कागदावर 'पती वगळून' असं लिहिलेलं नव्हतं."

आता आली का पंचाईत! ज्या माणसाने एकतीस वर्षं लोकांना सहीचं महत्त्व पटवलं, तो या बाबतीत तोंड उघडणार कसं? अधीक्षकांनी आडून विचारलं, जेवताना सहज म्हणून विचारलं, ती झोपेत असताना विचारलं. ग्रंथपाल बाई झोपेतही शिस्तीच्या. दोन महिने अधीक्षकांचा तो प्रश्न प्रलंबित राहिला.

अखेर तारीख कळली. रविवारी संध्याकाळी साडेपाच. मुलीचा फोन आला, "बाबा, आईला घेऊन इकडेच या, सगळे मिळून बघू." पण त्याच शनिवार-रविवारसाठी अधीक्षकांनी तळ्याकाठच्या गाडीतळावर जागा आरक्षित केली होती, आणि तीही लेखी. आरक्षण बदलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मग छत्री कशाला घेतलीय?" ते म्हणाले, आणि बायकोकडे वळून त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं, "तू स्वतःला आपल्या गाडीत, आपल्या पडद्यावर, आपल्या छत्रीतून बघशील. हा माझा शब्द आहे. चालेल ना?"

बायको यावर काहीतरी म्हणाली. मुदत टळून गेली होती. अधीक्षक गाडीच्या चाकात हवा भरत होते.

शब्द दिला म्हणजे पाळायला हवा, आणि पाळायचा तर त्याला कार्यपद्धती हवी. तीन संध्याकाळी बसून अधीक्षकांनी सत्तावीस कलमांची 'छत्री-उभारणी कार्यपद्धती' तयार केली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या दाराला आतून चिकटवली. सगळी कलमं इथे देत नाही. जागा आहे, पण वाचक गाडी विकतील. नमुना असा:

कलम १. गाडी सपाट जागी उभी करावी. जागा सपाट आहे की नाही हे पाण्याने भरलेल्या ग्लासावरून ठरवावे. ग्लासातील पाणी पिऊ नये.

कलम ४. सावलीची जागा घ्यावी. (हे कलम पुढे फार गाजलं.)

कलम ९. आत बसून पडद्यावरील हिरव्या पट्टीकडे बघणाऱ्या व्यक्तीस यापुढे 'निरीक्षक' असे संबोधण्यात येईल. निरीक्षकाने पट्टीवरून नजर हलवू नये, चहा करू नये, पुस्तक वाचू नये.

कलम १०. निरीक्षकाने फक्त दोन शब्द वापरावेत: 'आलं' आणि 'गेलं'.

कलम ११. छत्री हलवल्यावर विहित मुदतीत 'आलं' न आल्यास चित्र आलेले नाही असे समजण्यात येईल व छत्री पुढे हलवण्यात येईल.

कलम १९. तिपाईचा मुख्य नट. छत्रीची मान वर राहते ती या नटामुळे. अत्यंत महत्त्वाचा. स्वतंत्र पाकिटात ठेवावा.

दहाव्या कलमावर बायकोने एक दुरुस्ती सुचवली होती. "तिसरा शब्द ठेवा ना, 'थांबा'." अधीक्षकांनी तिचा रीतसर विचार केला आणि ती फेटाळली. 'थांबा' हा शब्द माहितीवजा नसून आदेशवजा आहे आणि निरीक्षकाला आदेश देण्याचे अधिकार नाहीत, असा शेरा त्यांनी समासात मारला.

शनिवारी दुपारी गाडी तळावर पोचली. तळ्याचं पाणी संथ होतं, पलीकडे टेकड्या होत्या, बगळे होते. अधीक्षकांनी याची नोंद घेतली आणि ते छत्रीच्या पिशवीकडे वळले. त्यांना चौदा नंबरची जागा मिळाली होती, लेखी मागितल्याप्रमाणे गर्द सावलीची. वर एवढं मोठं झाड की आभाळ दिसायची सोय नाही. छत्तीस हजार किलोमीटर वर, विषुववृत्तावर एक उपग्रह आपला इमानेइतबारे उभा होता. त्याच्यात आणि अधीक्षकांच्यात अंतराळ होतं, वातावरण होतं आणि हे झाड होतं. पहिल्या दोघांनी काहीही हरकत घेतली नाही.

शेजारी पंधरा नंबरला, लख्ख उन्हात, दातांचे डॉक्टर आपल्या सासूबाईंना आणि बायकोला घेऊन उतरले होते. माणूस भला. पण धंदा असा की समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि कापसाने भरलेलं, त्यामुळे उत्तराची वाट बघण्याची सवय त्यांनाही नव्हती.

"काय, छत्री का?" डॉक्टर म्हणाले. "अहो, फोनवर दिसतं की सगळं! इथे नेटवर्क फक्कड आहे. कशाला त्रास? दुखतंय का कुठे? बरं, बरं, चालू द्या."

फोनवर! अधीक्षकांना ही सूचना कुणी लोणच्याच्या बरणीत पाय धुवायला सांगावं तशी लागली. शब्द काय दिला होता? आपल्या पडद्यावर, आपल्या छत्रीतून. त्यात फोन कुठे बसतो?

कार्यपद्धतीनुसार त्यांनी होकायंत्र काढलं आणि ते सपाट, स्थिर जागी, म्हणजे गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिशा घेतली. बॉनेट लोखंडाचं असतं आणि होकायंत्राचा काटा लोखंडाच्या प्रेमात पडतो, ही गोष्ट पान चौदावर होती. अधीक्षक पान अकरावर असताना कुणीतरी त्यांना गुरुवारबद्दल काही विचारून त्यांचं लक्ष विचलित केलं होतं. परिणामी शनिवारची अख्खी दुपार छत्री, दिशा पक्की होईपर्यंत तिपाईवर न चढवता नुसती गाडीला टेकवलेली, तळावरच्या संडासाकडे तोंड करून उभी राहिली. चित्र आलं नाही. अंधार पडायच्या सुमारास सासूबाईंनी उपग्रह त्या बाजूला नसतो असं सांगितलं, तेव्हा हे लक्षात आलं. (सासूबाईंना कसं ठाऊक? आसपासच्या सगळ्या घरांच्या छत्र्या कुठे बघतात ते त्यांनी येताना खिडकीतून पाहिलं होतं.)

रविवारी सकाळी अधीक्षक नव्या उमेदीने उठले. झाडाच्या दोन फांद्यांमधून आभाळाचा एक रुमालाएवढा तुकडा दिसत होता, आणि हिशेबाप्रमाणे उपग्रह बरोबर त्या रुमालात असायला हवा होता. गाडीच्या खिडकीपासून पाच पावलांवर त्यांनी तिपाई रोवली, छत्री चढवली आणि नटाचं पाकीट मागितलं.

"अगं, 'महत्त्वाचे, आठवणीने घेऊन जाणे' असं लिहिलेलं पाकीट कुठाय?"

साडेतीन सेकंद. "ते तुम्ही घरी टेबलावर ठेवलंत. यादीत खूण करायला."

खूण केलेली होती. यादी आणली होती. यादीत नटापुढे लाल शाईने 'आहे' असं लिहिलं होतं, आणि नट होताही, घरी. कागदोपत्री सगळं चोख होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत अधीक्षकांच्या कागदात कधी चूक निघाली नव्हती, तशी आजही निघाली नाही.

नट नसला की छत्री मान टाकते, चिडलेल्या पोरीसारखी. अधीक्षकांनी सुतळी बांधली, सरकली. बायकोची केसांची पिन लावली; वाकली. डॉक्टरांनी दात काढायचा चिमटा दिला. त्याने अर्धा तास कड धरून ठेवली आणि मग तोही सुटून तिपाईच्या पायाशी पडला. शेवटी एकच साधन उरलं. अधीक्षकांनी डावा खांदा छत्रीच्या पाठीखाली लावला, उजव्या हाताने तिची कड धरली आणि ते स्वतः नट झाले.

"अगं, आलं का?"

शांतता. दीड सेकंद झाला. कलम अकरा. छत्री पुढे हलवण्यात आली.

"आलं!" आतून आवाज आला. "आलं, आलं... गेलं."

"काय आलं? कधी आलं?"

"मघाशी आलं होतं. तुम्ही हललात."

इथे एक शास्त्रीय बाब सांगणं भाग आहे. छत्रीला उपग्रह सापडला तरी पडद्यावरची हिरवी पट्टी लगेच वर चढत नाही. टीव्हीखालच्या सेट-टॉप पेटीला खात्री करून घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यात बायकोचे साडेतीन. म्हणजे उपग्रह सापडल्यापासून 'आलं' ऐकू येईपर्यंत सहा सेकंद, आणि अधीक्षकांची मुदत दीड. (पट्टी चढल्यावर प्रत्यक्ष चित्र उमटायला पेटी आणखी पाच सेकंद घेते, पण तिथवर कधी वेळच आली नाही.) सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात अधीक्षकांना उपग्रह एकूण एकोणचाळीस वेळा सापडला आणि एकोणचाळीस वेळा त्यांनी त्याला ओलांडून पुढे छत्री नेली. 'आलं' आणि 'गेलं' या दोनच शब्दांत बायकोने दिवस काढला. बाराच्या सुमारास ती एकदा न राहवून "थांबा!" असं ओरडली. अधीक्षकांनी तो शब्द कार्यपद्धतीत नसल्याचं निदर्शनास आणलं.

चारला डॉक्टर परत आले. "काय म्हणतंय? खांदा सुजला का? फोन देऊ का? नको? बरं."

पाचला मुलीचा फोन आला. आम्ही सगळे जमलोय, शेजारचेही आलेत, दिसतंय ना तिकडे? "उत्तम," अधीक्षक मोकळ्या डाव्या हातात फोन धरून म्हणाले. ही सगळी गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर ते घाबरले होते. बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही केलं, ते सगळं जग बघणार, आणि जिने केलं तीच बघणार नाही. तेही आपण शब्द दिला म्हणून. आपण शब्दच दिला नसता तर ती आत्ता मुलीच्या सोफ्यावर बसली असती. शब्द देणाऱ्यापेक्षा न देणारा कधीकधी जास्त उपयोगी पडतो, असं त्यांना प्रथमच वाटलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

साडेपाचला पाच कमी असताना बायको खिडकीशी आली. तिने सुती साडी बदलून दुसरी नेसली होती, शूटिंगला नेसली होती तीच.

"अहो, मी डॉक्टरांकडे जाते. त्यांच्या फोनवर लावलंय. तुम्हीही चला, सोडा ते."

"हो हो," अधीक्षक म्हणाले. (उजव्या फांदीपासून दोन अंश.)

ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग गाडीचं दार वाजलं, आणि पंधरा नंबरकडे जाणारी तिची पावलं वाळक्या पानांवर वाजली. अधीक्षकांना ती ऐकू आली नाहीत. त्यांनी छत्री दोन अंश फिरवली आणि विचारलं, "आलं का?"

दीड सेकंद गेला. हात पुढे सरकणार, एवढ्यात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ही शांतता नेहमीची नव्हती. एकतीस वर्षं बायकोने उशिरा उत्तर दिलं होतं, पण दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. आत्ता उत्तर उशिरा येत नव्हतं. येतच नव्हतं.

"अगं?"

अधीक्षक थांबले. दोन सेकंद, तीन, पाच. एकतीस वर्षांत आपण हिच्या उत्तरासाठी कधी इतके थांबलो होतो का, असा विचार त्यांच्या मनात आला. एकदाच थांबलो होतो, जिंकलीस का म्हणून विचारलं तेव्हा, आणि तेही आपल्याला हवं होतं म्हणून. सात. आठ. आणि खिडकीच्या काचेआड निळा उजेड पसरला.

आलं!

लख्ख चित्र. एक खडा नाही. झाडाच्या गर्द सावलीमुळे बाहेरूनही स्पष्ट दिसत होतं. (कलम चारचा हा पहिला आणि शेवटचा उपयोग.) "अगं, आलं! ये लवकर!" अधीक्षक ओरडले, आणि ओरडताना खांदा हलला, आणि गेलं. त्यांनी श्वास रोखला. छत्री जिथल्या तिथे आणली. थांबले. परत आलं.

परिस्थिती आता अशी होती. अधीक्षक छत्री धरून उभे राहिले तर आत चित्र होतं, पण बघायला कुणी नव्हतं. ते आत गेले असते तर बघायला माणूस होता, पण चित्र नसतं. ओरडले तर जायचं. गप्प राहिले तर बायकोला कळणार नव्हतं. शासकीय पद्धतीत या अवस्थेला प्रकल्प पूर्णत्वास गेला असं म्हणतात.

तेव्हा त्यांनी एकच केलं. खांदा न हलवता मान तेवढी वळवली आणि पाच पावलांवरून, बंद काचेतून, आवाजाशिवाय, स्वतःच्या बायकोला टीव्हीवर बघू लागले.

ती छान दिसत होती. अधीक्षक मनातल्या मनात म्हणाले, अरे वा. सूत्रसंचालक काही विचारायचा, ती ऐकून घ्यायची, कपाट आठवायची आणि उत्तर द्यायची. सूत्रसंचालक तोवर थांबायचा. त्याचं कामच ते होतं म्हणा. मग कॅमेरा पुढच्या रांगेकडे वळला. चार स्पर्धक, घरच्या माणसांच्या चार खुर्च्या. एका खुर्चीत कुणाची सून टाळ्या वाजवत होती, एकीत भाऊ, एकीत नवरा. आणि चौथीवर पर्स ठेवलेली होती. अधीक्षकांनी ती पर्स ओळखली. हिरवी, पितळी कडीची.

गुरुवार. पुढची रांग. घरचा एक माणूस. पान अकराच्या पलीकडून तो प्रश्न दोन महिन्यांनी अधीक्षकांपर्यंत पोचला. छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन, छत्तीस हजार किलोमीटर खाली येऊन. कॅमेरा पुन्हापुन्हा त्या रांगेकडे वळत होता आणि सगळा देश ती पर्स बघत होता. मुलीच्या हॉलमध्ये शेजारपाजारचेही बघत होते. अधीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खांदा त्यांनी हलवला नाही.

शेवटचा प्रश्न आला. दोघंच उरली होती, बायको आणि एक दाढीवाले गृहस्थ. सूत्रसंचालकाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत गृहस्थांनी बटण दाबलं, झटकन उत्तर ठोकलं, आणि त्यांचं तोंड पडलं. अधीक्षकांना त्या गृहस्थांबद्दल विलक्षण आपुलकी वाटली. मग सूत्रसंचालक बायकोकडे वळला. साडेतीन सेकंद. तिचे ओठ हलले. वरून चमकीचे कागद पडू लागले.

जिंकली! अधीक्षकांना कळलं, आणि सांगायला आसपास चिटपाखरू नव्हतं. पंधरा नंबरला अजून शांतता होती, कारण फोनवरचं चित्र छत्रीच्या अर्धा मिनिट मागे चालतं. तेवढं अर्धं मिनिट ते एकटेच ती बातमी छातीशी धरून उभे राहिले. मग शेजारून सासूबाईंची किंकाळी आली, डॉक्टरांची टाळी आली, आणि अधीक्षकांनी छत्री सोडून दिली. तिने मान टाकली.

बायको परत आली तेव्हा ते गाडीच्या पायरीवर बसले होते, डावा हात मांडीवर ठेवून.

"बघितलंत?" तिने विचारलं.

"बघितलं. खुर्ची रिकामी होती गं."

अधीक्षक थांबले. एक, दोन, तीन, साडेतीन.

"पर्स ठेवायला बरी पडली," ती म्हणाली, आणि पायरीवर बाजूला सरकून बसली. "तुम्ही शब्द दिलात ना, चालेल ना म्हणालात, तेव्हा मी काय म्हटलं होतं ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हटलं होतं, कुठेही बघू, फोनवर बघू, पण शेजारी बसून बघू."

अधीक्षकांना रडू आलं. त्यांनी ते खांद्याच्या नावावर खपवलं.

"आणि बक्षीस काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"मोठा टीव्ही. वर छत्री फुकट. बसवायला त्यांचा माणूस घरी येतो. गुरुवारी येणार आहे, सही करायला कुणीतरी थांबायला हवं. मी थांबणार नाहीये. मला गुरुवारी बाहेर जायचंय."

डॉक्टरांनी फोन आणून दिला. तळहाताएवढ्या पडद्यावर दोघांनी कार्यक्रम पहिल्यापासून बघितला, शेजारी बसून. फोनवर मधोमध दोन उभ्या रेघांचं एक बटण असतं, ते दाबलं की चित्र थांबतं. बायकोने ते पर्सपाशी दाबलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं. अधीक्षकांनी 'थांबा' हा शब्द कार्यपद्धतीत नसल्याचं निदर्शनास आणलं नाही.

त्यानंतर कार्यपद्धतीत कलम अठ्ठावीस घालण्यात आलं: 'थांबावे.' गाडी अजून आहे. छत्री माळ्यावर आहे. नट टेबलावर, पाकिटात, सुरक्षित आहे. हा सगळा तपशील प्रस्तुत लेखकाला इतका बारकाईने कसा ठाऊक, असं कृपया विचारू नये. लेखकाच्या डाव्या खांद्याला अजून शेक चालू आहे.

अधीक्षकांना हसायचं तर खुशाल हसा. फक्त, हे वाचत असताना मघाशी आतून तुम्हाला कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हो हो" म्हणालात. काय विचारलं होतं?